‘पॅकेज तेच आहे, चालेल’: बोर्ड बिघडले तर चूक कोणाची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंधेरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत हार्डवेअर डिझाइन करणारे एक तरुण इंजिनिअर लिहितात: आम्ही सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपासाठी कंट्रोलर बनवतो. चारशे बोर्डांच्या लॉटसाठी ३.३ व्होल्टचा ठरलेला रेग्युलेटर (आलेले व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा भाग) मिळेना. परचेसने दुसऱ्या मेकचा पर्याय शोधला आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारले. पॅकेज (बाहेरचे कवच) तेच, व्होल्टेज तेच, म्हणून मी ‘चालेल’ असे कळवले. डिलिव्हरीची घाई होती, पहिला नग तपासायला कोणी थांबले नाही. बोर्ड जोडून आले, पॉवर दिली आणि मायक्रोकंट्रोलर (बोर्डाचा मेंदू असलेली चिप) उडू लागले. दोन्ही रेग्युलेटरच्या पिनांचा (पायांचा) क्रम वेगळा निघाला. आता शेठ म्हणतात, नुकसान तुझ्या पगारातून कापणार. परचेस म्हणते, तू हो म्हणालास. असेंब्लीवाला म्हणतो, आम्हाला दिले ते लावले. चूक नेमकी कोणाची?

‘चालेल’ हा निर्णय तुमचा होता आणि तो चुकला. हे तुम्ही स्वतःहून, कोणी विचारायच्या आधी मान्य करा. पण एक चुकीचा होकार आणि चारशे बिघडलेले बोर्ड यांच्या मध्ये आणखी निर्णय झाले आहेत, ते तुम्ही घेतलेले नाहीत. त्यांचाही हिशेब व्हायला हवा. त्याकडे मी येतोच, त्याआधी बोर्डांचे काय करायचे ते बघू.

कोणाची चूक हे ठरायला आठवडा लागला तरी चालेल. आजच्या आज त्या चारशे बोर्डांचे दोन ढीग करा: पॉवर दिलेले आणि न दिलेले. न दिलेल्यांवरचा रेग्युलेटर हॉट एअरने काढून मूळ पार्ट लावला, प्रत्येक बोर्डाची नेहमीची टेस्ट घेतली, की ते पाठवण्याजोगे आहेत. पॉवर दिलेल्यांवर मात्र भरवसा ठेवू नका. इनपुट आणि आउटपुट उलटे बसले की ३.३ व्होल्टच्या रेषेवर रेग्युलेशन असे काही उरत नाही. इनपुटचे ५ व्होल्ट रेग्युलेटरच्या आतल्या डायोडमधून पुढे घुसू शकतात आणि पुढे बसलेल्या मायक्रोकंट्रोलरची कमाल मर्यादा बहुधा ३.६ व्होल्टच्या आसपास असते. नवा रेग्युलेटर लावल्यावर त्यातले बरेच बोर्ड चालूही होतील. तरी ते ग्राहकाकडे जाता कामा नयेत. मार खाल्लेली चिप आज तुमच्या टेबलावर चालते आणि काही महिन्यांनी कुर्ल्याच्या एखाद्या सोसायटीत पंप बंद करायचे विसरते. निदान त्या बोर्डांवरचे मायक्रोकंट्रोलर आणि ३.३ व्होल्टवर चालणारे बाकीचे आयसी बदलल्याशिवाय ते बाहेर जाऊ देऊ नका. ‘चालतात ना, मग पाठवून दे’ असा दबाव येईल. झालेली चूक तुम्हाला माफ होऊ शकते. हे बोर्ड जाणूनबुजून पाठवलेत तर त्याला चूक म्हणता येणार नाही.

आता पिनांचे. तुम्ही ज्यात अडकलात तो सापळा फार जुना आहे. एसओटी-८९ या पॅकेजमध्ये एचटी ७३३३ घेतला तर पहिली पिन ग्राउंड, मधली इनपुट, तिसरी आउटपुट. त्याच पॅकेजमधला १११७ कुटुंबातला रेग्युलेटर घेतला तर पहिली ग्राउंडच, पण मधली आउटपुट आणि तिसरी इनपुट. ७८एल०५ घेतला तर पहिली आउटपुट, मधली ग्राउंड, तिसरी इनपुट. तिन्ही बोर्डावरच्या त्याच जागेत (फूटप्रिंटवर) अचूक बसतात, सोल्डरिंग सुंदर होते, डोळ्यांनी केलेल्या तपासणीत तिन्ही पास. ट्रान्झिस्टरचेही तसेच. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे धरली तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन ३९०४ तसाच धरला तर एमिटर, बेस, कलेक्टर. २एन २२२२ए आणि पी२एन २२२२ए यांच्या नावात एका अक्षराचा फरक आहे आणि पिना उलट्या आहेत. लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर घाईत ‘२२२२ द्या’ म्हटले तर यातला कोणता पुडीत येईल हे दुकानदारालाही सांगता येणार नाही. पॅकेजच्या नावावरून फक्त आकार कळतो. आतला तुकडा कोणत्या पायाला कसा जोडला आहे हे डेटाशीटच (उत्पादकाचे माहितीपत्रक) सांगते, तेही त्या मेकचीच, त्या पूर्ण पार्ट नंबरचीच.

म्हणून पर्यायी पार्टला होकार देताना पाहण्याचा क्रम माझ्याकडे ठरलेला आहे: आधी पिना, मग कमाल इनपुट व्होल्टेज, मग करंट आणि उष्णता, मग आउटपुटच्या कपॅसिटरबद्दलची अट. ही शेवटची अट पुष्कळांना ठाऊकच नसते. एलएम १११७ च्या डेटाशीटमध्ये आउटपुट कपॅसिटरचा ईएसआर (आतला रेझिस्टन्स) ०.३ ते २२ ओहमच्या दरम्यान हवा असे लिहिले आहे. म्हणजे तिथे टँटलम प्रकारचा कपॅसिटर चालतो. साध्या सिरॅमिकचा ईएसआर याच्या खूप खाली असतो आणि रेग्युलेटर ऑसिलेट होऊ शकतो, म्हणजे आउटपुट स्थिर न राहता डोलत राहते. आता कल्पना करा, डिझाइनरने विचारपूर्वक टँटलम टाकला, पण बीओएममध्ये (पार्टच्या यादीत) फक्त ‘१० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट’ एवढेच लिहिले. परचेसला सिरॅमिक स्वस्त मिळाला, मूल्य तेच, व्होल्टेज तेच. त्याने घेतला. यात परचेसचा काय दोष? टँटलम का, हे फक्त डिझाइनरच्या डोक्यात होते. माझ्या मते इथे जबाबदारी जवळजवळ सगळी डिझाइनरची. ज्या पार्टमध्ये बदल चालणार नाही, त्याच्यापुढे बीओएममध्ये ‘बदलू नये’ आणि त्याचे कारण एका ओळीत लिहिणे हे डिझाइनचाच भाग आहे.

तुमच्या प्रकरणात परचेसने निदान विचारले. हे मी त्यांच्या बाजूने मोजतो, कारण न विचारता पार्ट बदलणारे परचेसवाले मी या धंद्यात पुष्कळ पाहिले आहेत. पण त्यांनी डेटाशीट न जोडता फक्त नाव पाठवले असेल तर विचारणे अर्धवट होते. असेंब्लीवाल्याला दिलेल्या बीओएमप्रमाणे आणि दिलेल्या मालाप्रमाणे काम केल्याबद्दल दोष देता येणार नाही. त्याच्या करारात पहिला नग तुमच्याकडून मंजूर करून घेणे लिहिले असेल आणि त्याने ते टाळले असेल, तर गोष्ट वेगळी. राहिला उत्पादनाचा निर्णय. नवीन पार्ट पहिल्यांदा लागतो आहे हे माहीत असताना एक बोर्ड जोडून, करंट लिमिट लावलेल्या पॉवर सप्लायवर तपासून मग बाकीचे सोडायचे, याला फार तर अर्धा दिवस लागतो. तो अर्धा दिवस ज्याने वाचवला, त्याने चारशे बोर्डांची जोखीम स्वतःवर घेतली. तुमच्या होकाराने एक बोर्ड जळाला असता. बाकीचे ३९९ त्या घाईने धोक्यात आले. आणि घाई करायची की थांबायचे हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो, तो तुमच्या कंपनीत बहुधा शेठच असणार.

मी जबाबदारी अशी बघतो: कोणत्या निर्णयाने काय झाले, तो घेताना त्या माणसाला काय माहीत होते, आणि थांबवण्याचा अधिकार कोणाकडे होता. शेवटचा हात कोणाचा लागला यावरून काही ठरत नाही.

हबल दुर्बिणीचे उदाहरण या बाबतीत वाचण्यासारखे आहे. एप्रिल १९९० मध्ये ती अवकाशात गेली आणि चित्रे धूसर यायला लागली. मुख्य आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासला गेला होता. आरसा घासणाऱ्यांचे काम निष्काळजी नव्हते. तो चुकीच्या आकारात, पण अतिशय काटेकोरपणे घासला होता. आकार मोजण्याच्या उपकरणातले एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसले होते, आणि आरसा त्या उपकरणाच्या सांगण्याप्रमाणे घासत गेले. खरी बोच पुढे आहे. दुसऱ्या, कमी अचूक मानल्या गेलेल्या चाचण्यांमध्ये गडबड दिसली होती. पण मुख्य उपकरण सर्वांत अचूक, म्हणून बाकीच्यांचे म्हणणे बाजूला ठेवले गेले. नासाच्या चौकशी समितीने आरसा बनवणाऱ्या पर्किन-एल्मर कंपनीला दोष दिलाच, पण नासाच्या स्वतःच्या देखरेखीलाही दिला. भिंग बसवणारा तंत्रज्ञ कोण, यावर अहवाल थांबला नाही. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्ती केली.

ही गोष्ट आपल्या गाळ्यातल्या टेस्ट जिगलाही (बोर्ड तपासण्याच्या साच्यालाही) लागू पडते. जिग ज्याने डिझाइन केले त्यानेच बोर्ड डिझाइन केला असेल, तर त्याचा गैरसमज दोन्हीकडे सारखाच उतरतो आणि टेस्ट आनंदाने पास होते. बोर्डाची तपासणी दुसऱ्याने करावी यामागे तुमच्यावर अविश्वास नसतो. आपण जे गृहीत धरले ते आपल्याला दिसत नाही, एवढेच त्यामागे असते. दोघांचीच टीम असेल तर फर्मवेअर (चिपमधला प्रोग्राम) लिहिणाऱ्याला स्किमॅटिक (सर्किटचा नकाशा) वाचायला बसवा. तो कदाचित तुमच्यापेक्षा जास्त पकडेल.

हार्डवेअर आणि फर्मवेअर यांच्या हद्दीवर तर सर्वांत जास्त भांडणे होतात. ईएसपी ३२ हा मायक्रोकंट्रोलर वापरणाऱ्यांनी हे नक्की अनुभवले असेल: जीपीआयओ ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुट आहेत आणि त्यांना आत पुल-अप (मोकळ्या पिनेला एका स्थितीत धरून ठेवणारा रेझिस्टर) नाही. हार्डवेअरवाला बटण जीपीआयओ ३४ ला जोडतो, बाहेर रेझिस्टर देत नाही, कारण ‘फर्मवेअरमध्ये पुल-अप चालू करतील’. फर्मवेअरवाला कोडमध्ये तो चालू करतो आणि त्याचा काहीच परिणाम होत नाही. बटण कधी दाबलेले दिसते, कधी नाही, शेजारून मोबाइल गेला तरी बदलते. इथे रेझिस्टर विसरला म्हणून बदल हार्डवेअरमध्येच होणार, पण जबाबदारी दोघांनी बसून पिनांचा तक्ता न करण्याची आहे. प्रत्येक पिन, तिची दिशा, पुल-अप आत की बाहेर, बूट होताना तिची स्थिती काय. एका पानाचा हा तक्ता दोघांच्या सहीने असला की निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

आणखी एक प्रकार आहे, त्यात डिझाइनर, परचेस, असेंब्ली सगळे आपापल्या जागी बरोबर असतात आणि तरी वस्तू बिघडते. तुम्ही पंपाचे कंट्रोलर बनवता, म्हणून यावर जरा थांबतो. मुंबईतल्या सोसायटीची पंपरूम कुठे असते? तळमजल्यावर जिन्याखाली किंवा जमिनीखालच्या टाकीशेजारी. जून ते सप्टेंबर भिंती ओल्या, वर्सोवा-वरळीकडे हवेत मीठ, पॅनेलमध्ये उबेला आलेल्या पाली आणि झुरळे. टाकीतल्या पाण्याची पातळी सांगणारा सेन्सर उच्च रेझिस्टन्सवर काम करत असेल तर बोर्डावर राहिलेला फ्लक्स (सोल्डरिंगचे रसायन) आणि दमट हवा मिळून इतका लीकेज करंट देतात की रिकामी टाकी भरलेली दिसते. आणि विजेचे म्हणाल तर, पावसात केबलचा न्यूट्रल तुटला की तीन फेजच्या जोडणीत एखाद्या फेजवरच्या यंत्राला २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास मिळू शकतात. २७५ व्होल्टचा एमओव्ही (जादा व्होल्टेज शोषणारा भाग) क्षणभराच्या सर्जसाठी असतो. सतत येणाऱ्या अशा दाबाखाली तो तापतो, फुटतो आणि जवळ थर्मल फ्यूज नसेल तर पेटतोही.

आता डिझाइनरला कागदावर दिले असेल ‘२३० व्होल्ट, अधिक-उणे दहा टक्के’ आणि त्याने तेवढे नीट पाळले असेल, तर जळालेला बोर्ड कोणाच्या खात्यावर? ज्याने आवश्यकता लिहिल्या त्याच्या. आपल्याकडे अडचण ही, की छोट्या कंपनीत आवश्यकता कोणी लिहितच नाही. शेठ तोंडी सांगतात, ‘त्या अमुक कंपनीसारखा बनव, पण स्वस्त’. कागद नसेल तर तो कागद लिहिण्याचे काम डिझाइनरनेच उचलावे असे माझे ठाम मत आहे. एक पान पुरे: हा बोर्ड इतक्या व्होल्टेजपर्यंत टिकेल, इतक्या तापमानापर्यंत, ओलाव्यापासून जपणारे कोटिंग आहे किंवा नाही, न्यूट्रल तुटल्यास काय होईल. शेठना दाखवा. कोटिंग आणि थर्मल फ्यूज नको असे त्यांनी म्हटले तर तो धंद्याचा निर्णय त्यांचा, फक्त तो त्यांनी माहिती असून घेतला याची नोंद राहू द्या. एक अपवाद: आग लागण्याची शक्यता असेल तिथे नुसती नोंद करून मोकळे होता येत नाही. तिथे सही करायला नकार द्यायचा.

बदलांची नोंद किती महत्त्वाची, हे जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचने फार मोठी किंमत घेऊन दाखवले. शेव्हरोले कोबाल्टसारख्या गाड्यांतला तो स्विच फिरायला ठरल्यापेक्षा कमी जोर लागत असे. चावीला जड जुडगा असला किंवा गुडघा लागला, तर चालत्या गाडीत चावी फिरून इंजिन बंद पडे आणि अपघात झाला तर एअरबॅग उघडत नसे. २००६ मध्ये स्विचमध्ये सुधारणा करण्यात आली, पण पार्ट नंबर तोच ठेवला. नव्या गाड्यांत अडचण दिसेना, जुन्यांत दिसे, आणि कागदावर दोन्हींत एकच स्विच. शोध घेणारे इंजिनिअर वर्षानुवर्षे गोंधळात राहिले. रिकॉल २०१४ मध्ये सुरू झाला. भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले म्हणून मान्य केले. कंपनीने १५ जणांना काढले, त्यात बदल मंजूर करणारा इंजिनिअरही होता. पण कंपनीच्याच नेमलेल्या चौकशीत हेही समोर आले की चालत्या गाडीचे इंजिन बंद पडणे हा सुरक्षेचा प्रश्न न मानता ग्राहकाच्या सोयीचा प्रश्न म्हणून अनेक बैठकांत हाताळला गेला होता, आणि प्रत्येक जण दुसरा कोणी पाहील असे धरून चालला होता. मूळ डिझाइनची चूक एका भागातल्या कमी जोराची. माणसे गेली ती त्यानंतरच्या वर्षांमुळे.

तुमच्या लॉटमध्ये रिवर्क (दुरुस्ती) झाल्यावर बोर्डावर नवी रिव्हिजन टाका, मार्करने टाकावी लागली तरी चालेल. कोणत्या सीरियल नंबरचा रेग्युलेटर बदलला, कोणत्याचा मायक्रोकंट्रोलरही बदलला, याची यादी ठेवा. पुढे फील्डमधून परत येणारा बोर्ड कोणत्या ढिगातला हे कळले पाहिजे.

उलट उदाहरणही आहे. जून २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणक-बोर्डाच्या यूएसबी-सी जोडणीत दोन सीसी पिनांना (केबल ओळखण्यासाठीच्या) स्वतंत्र ५.१ किलोओहमचे रेझिस्टर हवे होते, तिथे दोन्ही पिना एकत्र करून एकच दिला होता. काही चिपवाल्या केबलींनी बोर्डाला पॉवरच मिळेना. बाहेरच्या एका इंजिनिअरने कारण मांडले, कंपनीने ते उघड मान्य केले आणि पुढच्या रिव्हिजनमध्ये दुरुस्त केले. एका रेझिस्टरची चूक, पण ती डिझाइन, तपासणी, चाचणी सगळ्यांतून सुटली होती. इतक्या नावाजलेल्या टीमकडूनही सुटते. म्हणून ‘तुला एवढेही कळत नाही का’ असे कोणी म्हणाले तर मान खाली घालू नका.

आता पगारकपात. इमारतीच्या नकाशावर स्ट्रक्चरल इंजिनिअर सही करतो, त्याची पालिकेकडे नोंदणी असते आणि सहीबरोबर कायदेशीर जबाबदारीही येते. इलेक्ट्रॉनिक्स डिझाइनरची आपल्याकडे अशी परवाना पद्धत नाही. ग्राहकाच्या दृष्टीने जबाबदारी उत्पादकाची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष डिझाइनसाठी उत्पादकावर दायित्व स्पष्ट टाकले आहे. म्हणजे तुमच्या कंट्रोलरने नुकसान केले तर सोसायटी कंपनीला जाब विचारेल. कंपनीने ते नुकसान नोकराच्या वेतनातून वसूल करण्यावर मात्र वेतनाच्या कायद्यात मर्यादा आहेत: ताब्यात सोपवलेला माल नोकराच्या हलगर्जीने थेट खराब झाला किंवा हरवला तर कपात, तीही त्याला म्हणणे मांडायची संधी दिल्यानंतर. डिझाइनमधल्या निर्णयाची चूक यात बसवणे अवघड आहे असे मला वाटते, पण तुमच्या नेमणूकपत्रात काय लिहिले आहे ते एखाद्या कामगार वकिलाला दाखवा. शेठशी भांडायला जाण्याआधी दाखवा. मला स्वतःला अशी कपात धंद्यालाही घातक वाटते. एकदा पगार कापला की पुढची चूक कोणी सांगायला येणार नाही. ती ग्राहकाच्या पंपरूममध्ये सापडेल.

उद्या सकाळी शेठना एक मेल लिहा. पहिल्या ओळीत: पर्यायी रेग्युलेटरला मी डेटाशीटमधल्या पिना न पाहता होकार दिला. मग किती बोर्डांना पॉवर दिली, किती शिल्लक, रिवर्कला किती पार्ट लागतील, किती दिवस लागतील, कोणते बोर्ड पाठवू नयेत आणि का. शेवटी दोन मागण्या: यापुढे पर्यायी पार्टची मंजुरी डेटाशीट जोडून मेलवरच, आणि पहिला नग पास झाल्याशिवाय लॉट सुटणार नाही. परचेस आणि असेंब्लीवाल्याला प्रतीत ठेवा, पण त्यांच्यावर एक शब्दही लिहू नका. त्यांच्या वाट्याचे या दोन मागण्यांत आपोआप आले आहे. रिवर्कसाठीचा मूळ पार्ट अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडूनच मागवा आणि आलेल्या रीळमधले दोन-तीन नग आधी एका बोर्डावर लावून व्होल्टेज मोजा.